आकाशवाणीचं पोट

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रोज सकाळी वर जातो आणि संध्याकाळी परत येतो. वर म्हणजे तसं वर नव्हे. टॉवर क्रेन चालवतो तो. इमारत बांधताना शेजारी लोखंडाचा उंच मनोरा उभा करतात, त्याच्या माथ्यावर आडवा लांब हात असतो, आणि त्या हाताच्या मुळाशी काचेची एक खोली. न्हाणीघराएवढी. तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि आमचे साळेबुवा.

मी खालचा. सिग्नलवाला. हूकला माल अडकवायचा आणि वॉकीटॉकीवरून त्याला सांगायचं, डावीकडे घे, अजून घे, हळू, सोड. पुष्कळदा त्याला माल दिसतच नाही, मध्ये स्लॅब येतो. तेव्हा तो माझ्या डोळ्यांनी बघतो, आणि मी चष्म्यातून. तरी आजवर कोणाच्या डोक्यात काही पडलेलं नाही, आता बोला!

साइटवर त्याला आकाशवाणी म्हणतात. माणूस कोणी बघितलेला नाही, नुसता आवाज येतो. सगळ्यांच्या आधी चढतो आणि सगळे पांगल्यावर उतरतो. आवाज असा भारदस्त की नवीन आलेल्या गवंड्याला वाटावं वर कोणी सहा फुटी पैलवान बसलाय. प्रत्यक्षात हा माणूस दारातून आत आला तर आधी त्याचा डबा दिसतो.

लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं. मुलीने विचारलं, तुम्ही काय करता? हा म्हणाला, मी वर असतो. तिथेच बोलणी संपली. तेव्हापासून आमच्याकडे राहतो. घरात आम्ही तिघंच, मी, माझी बायको आणि हा. बायको त्याची मोठी बहीण, म्हणून तो तिला ताई म्हणतो आणि मला दाजी. मी त्याला काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही.

त्याचा एक नियम होता. एकदा चढलं की संध्याकाळशिवाय उतरायचं नाही. शिडी चढायला-उतरायला वेळ लागतो, आणि क्रेन थांबली की सगळी साइट हातावर हात ठेवून बसते. मग मुकादम वॉकीवर बोंबलतो. क्रेनवाले सगळेच थोडेफार असे वागतात, पण आमच्या माणसाने त्याचा धर्म केला. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, म्हणून पाणी प्यायचं नाही. अगदीच वेळ आली तर एक रिकामी बाटली वर ठेवलेली असायची. तिच्याबद्दल जास्त बोलत नाही, तुम्ही जेवत असाल. आणि दुसऱ्या कामासाठी बाटली चालत नाही, तेव्हा ते दाबून ठेवायचं. भाजी खाल्ली की पोट चालतं, म्हणून डब्यात नुसता पांढरा पाव आणि बिस्किटं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायची, तर त्यावर रोज एक वेदनाशामक गोळी. ही झाली आमच्या आकाशवाणीची दिनचर्या, वर्षानुवर्षांची.

ताई दररोज सकाळी न्हाणीच्या दाराशी उभी राहून विचारायची, "झालं का रे?" आणि आतून उत्तर यायचं, "ताई, शेजारी ऐकतात!" लाजाळू तर इतका, की औषधाच्या दुकानात बाई असली तर पोटाचं औषध न घेता खोकल्याचं घेऊन परत यायचा.

मग एकदा जेवताना बघितलं, की हा डाव्या हाताने पोटाची खालची बाजू दाबून बसलाय. डावीकडे, कंबरपट्ट्याच्या जरा वर.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. गॅस."

गॅस! आपल्याकडे माणसाला तोफेचा गोळा लागला तरी तो आधी गॅसच म्हणेल. दोन घास टाकून उठला. नंतर कळलं ते असं. पोट साफ होत नव्हतं, म्हणून पठ्ठ्याने जुलाबाची पुडी घेतली. त्याने कळा वाढल्या. मग अंगात कणकण आली, थंडी वाजायला लागली, तर तापाच्या गोळ्या घेतल्या. मळमळायला लागलं तर जेवण कमी केलं. आणि कोणाला सांगितलं? कोणाला नाही. मूग गिळून बसला.

आता यातली गंमत बघा. क्रेनला एक यंत्र असतं. वजन जास्त झालं की घंटा वाजते आणि क्रेन पुढे उचलतच नाही. काही उपटसुंभ काम लवकर व्हावं म्हणून ती घंटा बंद करून ठेवतात. असा एक ऑपरेटर आमच्याकडे येऊन गेला, तेव्हा या माणसाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणाला, "दाजी, जो घंटा बंद करतो तो खुनी." आणि स्वतःच्या अंगात ताप वाजत होता, तर हा गोळ्या घालून तो बंद करत होता.

कारण एकच. आमच्या कंपनीचा डॉक्टर दरवर्षी क्रेनवाल्यांना तपासतो. तो अनफिट म्हणाला की क्रेन गेली. आणि याच्याकडून क्रेन काढली तर मागे उरतं काय? घरात याला गॅसची शेगडी पेटवता येत नाही. चारचौघांत तोंड उघडता येत नाही. वर गेला की मात्र दोन टनांच्या सळयांचा भारा असा ठेवतो, की खाली अंडं असेल तरी फुटू नये. तेवढंच त्याचं होतं, आणि ते जाईल या भीतीने तो पोट धरून रोज शिडी चढत होता.

त्या दिवशी सळयांचा भाराच वर टांगलेला होता. मी म्हटलं, "उजवीकडे घे." भारा हलला नाही. म्हटलं, "अरे झोपलास का?"

वॉकीवर नुसता श्वास ऐकू आला. मग, "दाजी, जरा थांबा."

इतक्या वर्षांत हा मला कधी थांबा म्हणाला नव्हता. भारा किंचित झुलला, स्थिर झाला, मग उजवीकडे गेला, सावकाश खाली आला आणि ठरलेल्या जागी नेमका टेकला. मी हूक सोडवला. वरून आवाज आला, तो भारदस्त नव्हता.

"मला उतरता येईलसं वाटत नाही."

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. ऑपरेटरला पट्ट्यात बांधून दोरीने खाली सोडायचं. त्याचा सराव आम्ही करतो, पण वाळूच्या पोत्यावर. पोतं ओरडत नाही. मी चढलो. मला घरी स्टुलावर चढून बल्ब बदलायलासुद्धा बायको लावत नाही, पण चढलो. वर पोचलो तर हा खुर्चीत घडी घालून बसलेला. तोंड राखेसारखं, अंग भट्टीसारखं. पट्टा पोटाला लावायला गेलो तर असा किंचाळला की मी हात काढून घेतला.

"दोरी नको दाजी. पोटाला काही लागलं तर मरेन मी. शिडीने उतरतो."

"शिडीने पडशील."

"तुम्ही खाली राहा. पडलो तर तुमच्यावर पडेन."

म्हणजे साळा मरता मरता दाजीला घेऊन जाणार! सेफ्टीची दोरी शिडीला अडकवली आणि निघालो. मी एक पायरी खाली, त्याची पावलं माझ्या खांद्याशी. मध्ये मध्ये लोखंडी कट्टे असतात, तिथे दम घ्यायचा. तो शुद्धीवर राहावा म्हणून मी त्याला बोलतं ठेवलं.

"किती दिवस दुखतंय?"

"आठवडा झाला असेल."

"आणि संडास?"

"दाजी!"

"लाजतोस कसला गाढवा? इथे आभाळात कोण ऐकतंय?"

"होत नाही. झाली तर लेंडीसारखी. पुडी घेतली, तर नुसत्या कळा. रात्री थंडी वाजते."

"आणि हे तू कोणाला सांगितलं नाहीस. तुझ्यापेक्षा पोतं शहाणं. उजवा पाय टाक."

पुढच्या कट्ट्यावर तो लोखंडाला डोकं टेकून रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, लहान पोरासारखा. "क्रेन काढून घेतील माझी. मला खाली काही येत नाही दाजी. खाली मला कोणी ओळखतसुद्धा नाही."

"मी ओळखतो ना? माझ्याइतका तुला ओळखून वैतागलेला माणूस दुसरा आहे का? टाक पाय! मेलास तर तुझ्या ताईला काय सांगू? ती मला घरात घेणार नाही. डावा पाय. शाबास. पुढचा. तुझ्या आतड्यांनी नरड्यापर्यंत संप केला तरी चालेल, पाय टाक!"

असं आम्ही खाली आलो. खाली सगळी साइट गोल करून उभी. गवंडी, सुतार, सळयावाले, इंजिनिअर साहेब. मुकादमाच्या हातात वॉकी, आणि त्याचे डोळे पाणावलेले. त्याने माझ्या छातीकडे बोट दाखवलं. माझी वॉकी खिशात होती, आणि शिडी आणि माझी ढेरी यांच्यामध्ये तिचं बटण सबंध वेळ दाबलेलं होतं. लेंडीपासून रडण्यापर्यंत सगळं कार्यक्रमासारखं साइटभर प्रसारित झालं होतं. मेव्हण्याला ते कळलं आणि त्याने डोळे मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, ते गाडीत घालेपर्यंत कोणाला दिसलं नाही. लोकांना वाटलं शुद्ध हरपली. मला माहीत होतं, ही लाज आहे.

हॉस्पिटलात रक्त काढलं, पोटाचा स्कॅन केला. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाची, मुलगी असती तर. तिने याच्या पोटाची डावी बाजू हलकेच दाबून बघितली आणि म्हणाली, "काका, इतके दिवस काय केलंत?"

"वर होतो," हा म्हणाला.

तिने समजावून सांगितलं. मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयाबरोबर जागोजागी छोटे फुगवटे येतात, बारीक पिशव्यांसारखे. पुष्कळांना असतात, बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण एखादी पिशवी सुजली, तिच्यात जंतू माजले, की मग हे असं सगळं. डावीकडे खाली सतत दुखणं, ताप, मळमळ, पोट एकतर बंद नाहीतर बिघडलेलं. त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात.

"एवढं लांब?" ताई म्हणाली. "याला साधंसुधं काही होतच नाही."

"वेळेवर आला असतात तर कदाचित घरीच भागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "विश्रांती, थोडे दिवस पातळ खाणं, लागली तर औषधं. पण आता एक पिशवी फुटून तिच्याशेजारी पू साठलाय. स्कॅनमध्ये बघत बाहेरून नळी घालून तो काढायचा. औषधं शिरेतून. तोंडाने सध्या काही नाही."

मग तिने विचारलं, कुठल्या गोळ्या घेता? याने कंबरेच्या गोळ्यांचं सांगितलं. रोज? रोज. बाईने कपाळाला हात लावला. म्हणाली, त्या जातीच्या गोळ्यांनी हाच धोका वाढतो. आणि जुलाबाची पुडी? अशा सुजलेल्या पोटावर? तिने फक्त ताईकडे बघितलं. ताईने भावाकडे बघितलं. त्या नजरेपुढे नळी परवडली असं तो नंतर म्हणाला.

"आणि नळीने नाही भागलं तर?" मी विचारलं.

"तर ऑपरेशन. आतड्याचा खराब तुकडा काढायचा. काही महिने पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागू शकते, त्यातून मैला बाहेर येतो. पुढे पुष्कळदा ती काढताही येते."

मेव्हणा इतका वेळ छताकडे बघत होता. आता त्याने मान वळवली. "पिशवी लावून शिडी चढता येते का?"

"काका, आधी जगा."

"म्हणजे येते का?"

नळी घातली. तीन-चार दिवस आम्ही दोघं नवराबायको त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर आलटून पालटून बसलो. ताई एरवी बोलायला लागली की थांबत नाही, ती गप्प होती. मला तिचं ते गप्प बसणं सगळ्यात जास्त लागलं. मग ताप उतरला. नर्स रोज विचारायची, वारा सरला का? आणि हा चादरीत तोंड खुपसायचा. एका दुपारी त्या चादरीतून असा आवाज आला, की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि टाळ्या वाजवायला लागला. ताईने देवाला हात जोडले. पादण्यावर देवाला हात जोडलेली ती पहिलीच बाई असेल. ऑपरेशन टळलं.

मुकादम भेटायला आला, केळी आणि सफरचंदं घेऊन. मेव्हण्याने झोपेचं सोंग घेतलं. याला अजून नुसत्या गाळलेल्या पाण्यावर ठेवलंय असं सांगितल्यावर मुकादमाने खाटेशी बसून ती फळं स्वतःच खाल्ली, म्हणाला, वाया कशाला घालवायची. सालं पिशवीत भरली आणि गेला. तो गेल्यावर मेव्हण्याने एक डोळा उघडला.

"काय म्हणत होता?"

"लवकर बरा हो म्हणाला."

"सगळ्यांनी ऐकलं दाजी. माझी संडास सगळ्या साइटने ऐकली."

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, म्हणतात ते खोटं नाही. घरी आल्यावर आधी गाळलेलं सूप, फळांचा गाळलेला रस. ताईने गाळणं हातात घेतलं ते सोडेचना. एकदा माझा चहा दोनदा गाळून दिला. मग मऊ भात, उकडलेला बटाटा, दही, पांढरा पाव. हा म्हणाला, "पांढरा पाव तर मी आधीही खात होतो." ताई म्हणाली, "आता डॉक्टर सांगतात म्हणून खातोस, तेव्हा कर्माने खात होतास." सूज पूर्ण ओसरल्यावर भाज्या, डाळी, सालासकट फळं, हे सगळं हळूहळू वाढवायचं होतं, आणि बरोबर भरपूर पाणी. हळूहळू म्हणजे किती हळू ते ताईला पटलं नाही. तिने दोन दिवसांत भाज्यांचा डोंगर रचला आणि मेव्हण्याचं पोट ढोलासारखं वाजायला लागलं. मी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मग ती जरा दमाने घ्यायला लागली.

शिवाय तिला कोणीतरी सांगितलं होतं की बिया त्या पिशव्यांत जाऊन अडकतात. झालं! बाई चष्मा लावून टोमॅटोची एकेक बी काढत बसायची. काकडीची, पेरूची. पेरूतून बी काढल्यावर काय उरतं ते तुम्हीच सांगा. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, हा जुना समज आहे, बिया-दाण्यांनी हे होतं असं दिसून आलेलं नाही, खुशाल खाऊ द्या. ताई घरी येईपर्यंत बोलली नाही. तिला बिया चालतात याचा राग नव्हता, तिचे कष्ट वाया गेले याचा होता.

रोज चालायचं. मी बरोबर जायचो. जमिनीवर याला चालता येत नाही हे मला तेव्हा कळलं. लोकांना धडकायचा. नजर सगळी आभाळात, दुसऱ्या साइटच्या क्रेन बघत. "हा बघा दाजी, किती झटक्याने फिरवतोय." दीडदोन महिन्यांनी मागच्या दाराने दुर्बीण घालून आतडं तपासलं, आत आणखी काही वाईट नाही ना ते बघायला. त्याच्या आदल्या दिवशी पोट धुऊन काढायचं औषध प्यावं लागतं, तांब्याच्या तांब्याने. पुडीपायी शिव्या खाल्लेल्या माणसाला आता डॉक्टरच्या हुकमाने जुलाब! दिवसभर आमची न्हाणी त्याच्याच मालकीची होती. वाईट काही निघालं नाही. पिशव्या आहेत, त्या राहणार. पुन्हा सुजूही शकतात. नीट खा, पाणी पी, फिर, लागली की जा, त्या गोळ्यांना हात लावू नकोस, आणि असं दुखून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

कंपनीच्या डॉक्टरनेही फिट म्हणून सांगितलं, याच अटींवर. मला वाटलं, हा आता नाचत जाईल. तर हा कॉटवर पाय घेऊन बसला.

"मी नाही जाणार."

"का?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"अरे, तुझं तोंड बघितलंय कोणी तिथे?"

"आवाज ऐकलाय ना. आता वॉकीवर मी डावीकडे म्हटलं तरी लोकांना लेंडीच आठवणार. शिवाय दिवसातून दोन-तीनदा उतरायचं? सगळ्यांना कळणार कशासाठी उतरतोय ते. त्यापेक्षा दुसरं काम बघतो."

ताईने स्वयंपाकघरातून तोफ डागली. "तुझ्या मुकादमाला लागत नाही का? त्या इंजिनिअरला लागत नाही? का तेवढा तूच जन्माला आलास पोट घेऊन? लाजून मरायला निघाला होतास, खरंच मेला असतास! मी बाकावर बसून काय काय बघितलं डोळ्यांपुढे, ठाऊक आहे तुला?" आणि तिथेच मटकन बसून रडली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

मी त्याच्याशेजारी कॉटवर बसलो. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "तुझ्या जागी जो नवीन आलाय ना, तो झटके देतो. मी हळू म्हणतो, तो हसतो. माल डोक्यावर आला की मी पळतो. या वयात मी पळतो! तू असताना मी कधी वर बघत नव्हतो. आता दिवसभर भीती वाटते मला. बास, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तयार होऊन दाराशी उभा होता. पाण्याच्या दोन बाटल्या, भरलेल्या. डब्यात भाजी, डाळ, कोंड्याचा पाव, पेरू. बियांसकट.

सकाळभर वॉकीवर सगळे इतके सभ्य बोलत होते की मला घुसमटायला झालं. डावीकडे घ्या, धन्यवाद. मुकादम एरवी आयामाय काढतो, तोही कृपया म्हणाला. लोक त्याला जपत होते, आणि त्याला ते टोचत असणार. दुपार होत आली. काँक्रीटची बकेट भरून तयार. वरून काहीच हालचाल नाही. मला कळलं, हा दाबून बसलाय. पुन्हा तेच! मी बटण दाबून शिवी देणार, तेवढ्यात तो भारदस्त आवाज आला.

"मी उतरतोय."

मुकादम सवयीने ओरडला, "आत्ता? काँक्रीट सुकेल! कशाला?"

सगळी साइट थबकली. गवंड्याची थापी हवेत राहिली. मी डोळे मिटले.

"संडासला लागलीय," आकाशवाणी म्हणाली, अगदी सळयांचं वजन सांगावं तशी. "मग जेवणार. काँक्रीट आधी ओतून देतो, नंतर क्रेन बंद."

मग कुठल्यातरी मजल्यावरून एक जण हसला, मग दुसरा, आणि मग वॉकीवर तो स्वतःच खोखो हसला. असा हसताना मी त्याला घरीसुद्धा ऐकलेला नाही. बकेट उचलली, ओतली, जागेवर आणून ठेवली आणि उतरला.

आम्ही तळमजल्यावर सावलीत डबे उघडून बसलो होतो. तो हातपाय धुऊन आला आणि बाजूला उभा राहिला, लग्नात चुकून शिरल्यासारखा. एका सळयावाल्याने मला विचारलं, "हा कोण नवीन?"

"बसायला जागा आहे का?" मेव्हण्याने विचारलं.

आवाज ऐकला आणि सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. "आकाशवाणी? तुम्ही?" आणि एकदम हलकल्लोळ. कोणी सरकलं, कोणी बसायला फळी टाकली, कोणी पाठीवर थाप मारली, एवढासा आहे की हो हा, असं म्हणून एक गवंडी त्याला उचलायलाच निघाला. मी म्हटलं, "ठेव खाली, आतून नाजूक आहे तो." एका साइटवर एवढी वर्षं काढली आम्ही, आणि तिथे त्याच्या शेजारी बसून मी कधी जेवलो नव्हतो.

तो जेवत होता सावकाश, एकेक घास चावून, डॉक्टरीणबाईने सांगितलं तसा. बाकीच्यांचे डबे संपले. झाकणं लागली. कोणी उठेना. मुकादम घड्याळ बघत आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने ओरडायला तोंड उघडलं. मेव्हण्याने गडबडीने मोठा घास घेतला.

मुकादमाने तोंड मिटलं. हेल्मेट काढून त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"चावून खा रे," तो म्हणाला. "आम्ही आहोत."